सकाळ कोणाची?

परवा अचलपुरात बचतगटांच्या मेळाव्यात एक व्याख्याते आले होते. विषय होता, दिवसाची सुरुवात सकारात्मक विचारानं कशी करावी. पहाटे उठा, पाच मिनिटं शांत बसा, आरशात बघून ‘आजचा दिवस माझा’ म्हणा, मागचं विसरा, पुढचं बघा. समोरच्या कितीतरी बाया निंदणाची रोजी पाडून आलेल्या. माझ्या शेजारची हळूच म्हणाली, “उद्याचा इचार त आमी राती झोपतानाच करतो ना बाई. कणीक किती हाय, नळ कवा येईन, पोराची फी कोठून भरा लागन. सकाळी त निस्तं पळा लागते.”

मैत्रिणींनो, बाईला पुढचं दिसत नाही, असं कोण म्हणतं? सोयाबीन घरात यायच्या आधीच दुकानदाराची उधारी ती मनात फेडून मोकळी झालेली असते. तिच्याकडे नाही तो वेळ. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली. २०२४ साली ती २८९ झाली. पाच वर्षांत सुटका दहा मिनिटांची! घरकामाला हात लावणारे पुरुष आधीच थोडे, त्यांची ९७ मिनिटं होती, ती ८८वर आली.

ही व्याख्यानं निरुपद्रवी आहेत असं मला वाटत नाही. थकलात तर तुमचा विचार नकारात्मक, पैसा पुरला नाही तर तुमची दृष्टी तोकडी. म्हणजे नवरा सुटला, वावराचा मालक सुटला, नगरपालिकाही सुटली. २०२०च्या टाळेबंदीत आपल्या गावची फिनले मिल बंद पडली, घरोघरचे पगार थांबले, ते काय बायांनी सकाळी आरसा पाहिला नाही म्हणून? (व्याख्यात्यांचा चहा आम्हीच केला, हेही सांगून टाकते.)

शेजारच्या अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हाती घेई. त्यांच्या नावानं सरकारनं २००० साली ग्रामस्वच्छता अभियान काढलं, गावोगावी बक्षिसं वाटली. बाबांना आम्ही मानतोच. पण बाबांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या किती घरांत पुरुषाच्या हाती सकाळी झाडू असतो? बाबांनी झाडलं ती सेवा, आणि बाईनं जन्मभर झाडलं ते तिचं कामच!

तेव्हा पुढच्या बैठकीला आरसा नको. प्रत्येकीनं आपल्या एका सकाळचा हिशेब आणायचा. घरात कोण किती वाजता उठलं, पाणी कोणी भरलं, डबे कोणी केले, तेव्हा बाकीचे काय करत होते. जिला लिहिता येत नाही तिनं घरातल्या कोणाकडून लिहून घ्यावं. नवऱ्याकडून घेतलं तर फार बरं.