महासंगणकाच्या पायातील अदृश्य दगड

हवामानाचा अंदाज असो की आकाशगंगांचा वेध, आजच्या विज्ञानातील बरीचशी आकडेमोड अखेर मॅट्रिक्सच्या गणितापाशी येऊन ठेपते. हे गणित प्रत्येक शास्त्रज्ञ नव्याने लिहीत नाही. त्यासाठी १९७९ साली 'ब्लास' हा मूलभूत क्रियांचा सामाईक साचा मांडला गेला आणि १९९२ मध्ये त्यावर आधारलेले 'लॅपॅक' आले. साचा एकच असला, तरी प्रोसेसरच्या रचनेनुसार घडवलेली लायब्ररी तेच काम साध्या आवृत्तीपेक्षा कित्येक पटींनी लवकर करते.

यापैकी 'ओपनब्लास'ची कथा बोलकी आहे. तिचा पाया टेक्सास विद्यापीठात काम करणाऱ्या काझुशिगे गोटो यांनी प्रामुख्याने एकहाती घातला. २०१० नंतर त्यांच्या लायब्ररीचा विकास थांबला. परवाना मुक्त होता, म्हणूनच २०११ मध्ये चीनमधील झांग शियानयी यांना ती पुढे नेता आली. जगभरच्या संशोधनाचा भार इतक्या थोड्या खांद्यांवर असणे चिंतेचे आहे.

लायब्ररी उपलब्ध असणे मात्र पुरेसे नाही. ती नेमकी जोडलीही गेली पाहिजे. कंपायलर जुळला नाही किंवा पूर्णांकांची लांबी एकीकडे ३२ आणि दुसरीकडे ६४ बिट असली, की प्रोग्रॅम कोसळतो किंवा गुपचूप चुकीचे उत्तर देतो. बेरजांचा क्रम बदलला, तरी उत्तराचे शेवटचे अंक बदलू शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथनच्या ३.१२ आवृत्तीतून 'डिस्टयुटिल्स' हे जुने बांधणी-साधन वगळण्यात आले. त्याची चाहूल घेऊन 'सायपाय'ने २०२२ मध्ये, तर 'नमपाय'ने २०२३ मध्ये 'मेसॉन' स्वीकारले. या खटाटोपातून वापरकर्त्याला नवी सुविधा दिसली नाही. पण तो झाला नसता, तर या पॅकेजची नवी आवृत्ती बांधणेच अडले असते.

भारतात राष्ट्रीय महासंगणक मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली. २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' राष्ट्रार्पण झाले. अशा वेळी चर्चा होते ती यंत्राच्या वेगाची. तो वेग प्रत्यक्षात उतरवणारी लायब्ररी, तिची जोडणी आणि देखभाल करणारे हात मात्र चर्चेबाहेर राहतात. शोधनिबंधात लायब्ररीच्या आवृत्तीची नोंद आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात देखभालीची तरतूद, एवढी शिस्त तरी पाळली गेली पाहिजे. अन्यथा कोट्यवधींचे यंत्र उभे राहील. पण त्याने दिलेल्या उत्तराची खातरजमा करणे दुसऱ्या कोणाला जमणार नाही.