तबेल्यातील श्रमाचे मोल

पुणे परिसरातील अश्वपैदास केंद्रांत वाढलेले घोडे महालक्ष्मीच्या मैदानावर धावत आले आहेत. घोडा जिंकला की मालक, प्रशिक्षक आणि जॉकी यांची नावे छापून येतात. पैदास केंद्रातील तबेल्याच्या जमादाराचे नाव कोठेच नसते. वास्तविक घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा आणि प्रसूती बहुधा रात्रीची. सडांवर मेणासारखा चीक साकळला की जमादाराचे जागरण सुरू होते. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर शिंगरू रोगांपुढे निराधार ठरते. घोडा वळूनवळून कुशीकडे पाहू लागला, की पोटशूळ प्रथम ओळखतो तोही हाच.

हे श्रम अकुशल कसे म्हणावेत? १९४८ च्या किमान वेतन कायद्याने पशुपालन शेतीत गणले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य कामगार विमा कायदा रेसक्लबांना लागू ठरविला. परंतु तो वाद क्लबांचा होता, पैदास केंद्रांचा नव्हे.

जमादार मोतद्दारांकडून काम करवून घेतो, म्हणून त्याला मालकाचा माणूस समजणे चूक आहे. तोही वेतनावरच जगतो. कुशल कामगाराची श्रेणी, रात्रीच्या कामाचा वेगळा मोबदला आणि अपघात विमा या मागण्या दोघांनी एकत्रच मांडल्या पाहिजेत. त्यांच्यातील फुटीचा लाभ मालकालाच होतो.