छंदालाही परवाना?

पोटासाठी परदेशी गेलेल्या माणसाने तेथील सरकारकडून कामाचा परवाना घ्यावा, याविषयी सहसा दुमत होत नाही. परंतु ज्याला पोटाची चिंता नाही, निवृत्तिवेतनावर उरलेले आयुष्य परक्या मुलुखात काढण्याचा ज्याने निश्चय केला आहे, त्याने घरामागच्या तळ्यात हौसेने मासे पाळले तर तेही 'काम' ठरते काय? प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. थायलंडमध्ये तो गमतीचा नाही. त्या देशाच्या ईशान्येकडील ईसान भागात, उदोन थानी, खोन केन यांसारख्या प्रांतांत, थाई स्त्रियांशी विवाह करून स्थायिक झालेले अनेक पाश्चात्त्य गृहस्थ आहेत. जमीन पत्नीच्या नावावर, तीत खोदलेले लहानसे तळे, तळ्यात सोडलेली तिलापियाची किंवा मागूर जातीच्या माशांची बोटुकली, आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना खाद्य टाकणारा परदेशी पती, हे तेथील खेड्यांतले परिचित चित्र आहे. या पतीच्या पारपत्रावर नोकरी-व्यवसायाला मनाई असल्याचा शिक्का असला, तर खाद्याची पाटी उचलताना तो कायदा मोडतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ थायलंडच्या १९७८च्या कायद्यात आहे. परकीयांच्या कामासंबंधीच्या या कायद्याने 'काम' या शब्दाची व्याख्या करताना शारीरिक बळाचा किंवा ज्ञानाचा वापर हा निकष धरला आणि तो वापर वेतनासाठी वा अन्य लाभासाठी असो अगर नसो, असेही जोडून दिले. २००८ साली नवा कायदा आला, तरी ही व्याख्या कायम राहिली. शब्दशः घेतली तर तिच्या कचाट्यातून कोणीच सुटत नाही. स्वतःच्या घराची भिंत रंगविणारा, अंगणातले गवत काढणारा, अनाथालयात विनामूल्य इंग्रजी शिकविणारा आणि तळ्यात जाळे टाकणारा, असे सारेच विनापरवाना कामगार ठरतात. प्रत्यक्षात तळ्याकाठी बसलेल्या प्रत्येक परदेशी माणसाला कोणी पकडून नेले नाही, हे उघड आहे. परंतु पकडणे वा न पकडणे हे कायद्यावर अवलंबून न राहता स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर, किंबहुना शेजाऱ्याच्या तक्रारीवर अवलंबून राहिले. सर्वांना गुन्हेगार ठरविणारा कायदा सर्वांना शिक्षा करीत नाही. कोणाला करावयाची हे ठरविण्याची मुभा तो दुसऱ्याच्या हाती देतो.

असा व्यापक कायदा करण्यामागे थायलंडची काही कारणे होती आणि ती समजून घेतली पाहिजेत. देशाचा व्यापार व कारागिरी परक्यांच्या, विशेषतः चिनी स्थलांतरितांच्या हाती गेली आहे, ही भावना तेथे जुनी आहे. पिबुलसोंग्राम यांच्या राजवटीत १९४०च्या दशकात काही व्यवसाय थाई नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. तोच विचार पुढे १९७९च्या यादीत उतरला. तीत ३९ व्यवसाय परकीयांना निषिद्ध ठरविण्यात आले. शेती, पशुपालन, वनोद्योग आणि मासेमारी यांचा त्यात समावेश होता. अपवाद होता तो विशेष ज्ञान लागणाऱ्या कामाचा आणि शेतीवरील देखरेखीचा. परकीयाला तेथे जमीनही घेता येत नाही. पत्नी जमीन घेते तेव्हा तो पैसा तिचा स्वतःचा आहे, असे दोघांना लिहून द्यावे लागते. १९९९च्या परकीय व्यवसाय कायद्यानेही व्यवसाय म्हणून मत्स्यसंवर्धन करू इच्छिणाऱ्या परकीयावर परवान्याचे बंधन घातले. भातशेती आणि तळी हा गरीब थाई कुटुंबाचा अखेरचा आधार आहे. पौंड-डॉलर घेऊन आलेल्या माणसाने तो हिरावून घेऊ नये, या हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही.

मात्र हेतू चांगला असला म्हणजे कायदा चांगला होतो असे नाही, याची जाणीव उशिरा का होईना बँकॉकच्या राज्यकर्त्यांना झाली. २०१७ साली निघालेल्या अध्यादेशात पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली आणि तीत 'काम' या शब्दाचा अर्थ बदलला. आता मालक असो वा नसो, कोणताही 'व्यवसाय करणे' म्हणजे काम. हा बदल लहान दिसतो, पण तो मूलगामी आहे. पूर्वी कायदा घामाकडे पाहत होता; आता तो उपजीविकेकडे पाहतो. या नव्या व्याख्येने पाहिले, तर घरच्या ताटासाठी मासे पाळणे हा व्यवसाय म्हणता येणार नाही. शेजाऱ्यांना चार मासे भेट देणे हाही नाही. अडचण सुरू होते ती तळ्याकाठी व्यापाऱ्याची गाडी उभी राहते तेव्हा. मासे विकले, पैसे पत्नीच्या हाती पडले, तळेही तिचे. पण खाद्य टाकणारा, पाणी बदलणारा, जाळे ओढणारा पती परदेशी. अशा वेळी हा व्यवसाय पत्नीचा आणि पतीची ती केवळ घरगुती मदत, की व्यवसाय दोघांचा? नव्या व्याख्येचे शब्द या शंकेचे निरसन करीत नाहीत. २०२०च्या सुधारित यादीने शेती आणि मासेमारीचे काम परकीयाला मालकाच्या हाताखाली करण्यास वाट ठेवली आहे. परंतु निवृत्तांच्या सवलतीवर राहणाऱ्याला कामाचा परवानाच मिळत नाही. म्हणजे ज्याला परवाना हवा त्याला तो मागता येत नाही, आणि तो लागतो की नाही हेही निश्चित सांगता येत नाही.

तथापि, या साऱ्या चर्चेत एक गोष्ट नजरेआड होते. त्याच तळ्याच्या बांधावर दुसराही परदेशी उभा असू शकतो. तो म्यानमारचा किंवा लाओसचा मजूर असतो. त्याच्या दृष्टीने मासे हा छंद नाही आणि परवाना ही तात्त्विक चर्चाही नाही. २०१७चा अध्यादेश निघाला तेव्हा त्यात विनापरवाना कामगाराला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती, आणि त्याला कामावर ठेवणाऱ्यास माणशी चार ते आठ लाख बाट दंडाची. परिणाम असा झाला की काही दिवसांतच म्यानमार आणि कंबोडियाचे हजारो मजूर भीतीने सीमेकडे पळत सुटले. सरकारला सर्वांत कडक कलमांची अंमलबजावणी १८० दिवस लांबणीवर टाकावी लागली. पुढच्या दुरुस्तीने कामगाराचा तुरुंगवास रद्द झाला आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार बाटांवर आला. पण देशाबाहेर पाठविले जाणे आणि दोन वर्षे नवा परवाना न मिळणे या गोष्टी उरल्याच. व्याख्या बदलण्यास हौशी पाश्चात्त्यांची कुरकुर किती कारणीभूत झाली हे बाजूला ठेवू. दंडाची कलमे मात्र मजुरांच्या पलायनानेच मवाळ केली.

येथे कायद्याचा तोल नीट पाहावा लागतो. निवृत्त गृहस्थाच्या बँकेत आठ लाख बाट असले किंवा दरमहा पासष्ट हजारांचे उत्पन्न असले म्हणजे राज्य त्याचे स्वागत करते. त्याच्यापुढचे संकट फार तर छंद सोडण्याचे असते. मजुरापुढचे संकट चूल विझण्याचे असते. दोघांना एकाच शब्दाच्या व्याख्येने मोजणे ही समता दिसते, पण ती न्याय्य नाही.

आणखी एक विसंगती आहे. ज्या माशावरून हा प्रश्न उपस्थित झाला, तो स्वतःच परदेशी आहे. आपल्याकडे उजनीच्या काठी ज्याला 'चिलापी' म्हणतात, त्या तिलापियाच्या कुळातला हा आफ्रिकेचा मासा. जपानचे तत्कालीन युवराज आकिहितो यांनी १९६५ साली थायलंडचे राजे भूमिबोल यांना त्याचे ५० नग भेट दिले. राजांनी ते चित्रलदा राजवाड्याच्या तळ्यात वाढविले आणि पुढच्या वर्षी १०,००० पिल्ले मत्स्य खात्याकडे सोपविली. आज 'प्ला निन' या नावाने तो थाई गरिबाच्या ताटातला नेहमीचा मासा झाला आहे. याच्या उलट, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या काळ्या हनुवटीच्या तिलापियाने थायलंडच्या किनारी प्रांतांतील कोळंबीची आणि माशांची तळी फस्त केली. २०२४ साली हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. तळ्यात खाद्य कोण टाकतो यापेक्षा तळ्यात काय सोडले जाते, याची चौकशी राज्याने अधिक काटेकोरपणे करणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसते.

आपण दुरून थायलंडला दोष द्यावा, अशी परिस्थिती नाही. भारतातही परकीयाला शेतजमीन घेता येत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयालाही ती विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर बिगरशेतकरी मराठी माणसालाही परवानगीवाचून ती मिळत नाही. दुसऱ्या बाजूला, अमेरिकेत नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी अभियंत्यांच्या उच्चशिक्षित पत्नींनी 'एच-४' प्रवेशपत्रावर वर्षानुवर्षे रिकाम्या हाताने बसून काढली. त्यांतील काहींना कामाची मुभा मिळाली ती २०१५ साली. घरी केलेला दिवाळीचा फराळ ओळखीच्यांना विकला तर ते काम होते का, या शंकेची जातकुळी ईसानच्या तळ्यातल्या शंकेहून वेगळी नाही.

यातून मार्ग काढणे अवघड नाही. घरच्या खाण्यापुरते मत्स्यपालन कामाच्या व्याख्येबाहेर आहे, असे थाई सरकारने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे. विक्री सुरू झाली की तिची नोंद व्हावी, आणि विवाहित परकीयाला पत्नीच्या व्यवसायात मदत करण्याचा साधा, स्वस्त परवाना मिळावा. माशांच्या जातींवर मात्र कडक नजर असावी. आणि ज्या मजुराच्या घामावर ही तळी चालतात, त्याचा परवाना दलालाच्या खिशातून न जाता सरळ त्याच्या हाती पडावा. परकीयाने काय करू नये हे सांगण्याचा प्रत्येक राष्ट्राला अधिकार आहे. परंतु ते त्याला आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगणे, हे त्याच अधिकाराबरोबर येणारे कर्तव्य आहे.