नक्षीचा अधिकार आणि कारागिराची खातरजमा

१५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनाच्या संचलनात, दिल्ली छावणीच्या मैदानावर भारतीय लष्कराने आपला नवा लढाऊ गणवेश प्रथम लोकांसमोर आणला. याच नगरीतील राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, अर्थात निफ्टच्या, साहाय्याने सिद्ध झालेल्या त्या नक्षीची त्याच वर्षी सरकारदप्तरी रीतसर नोंदणी झाली, आणि गणवेश शिवणाऱ्या, कापड पुरविणाऱ्या व खाजगी रक्षकांना पोशाख देणाऱ्या आपणा सर्वांवर एक नवे उत्तरदायित्व येऊन पडले. त्याची पुरेशी जाणीव व्यवसायात अद्याप रुजलेली नाही, सबब हे चार शब्द.

छद्मावरणाचे मूळ प्रयोजन दृष्टीला फसविणे हे आहे. लहान चौकटींच्या या नव्या नक्षीत बारीक ठिपके जवळून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना आणि त्यांच्या समूहांतून बनलेले मोठे डाग दुरून पाहणाऱ्याला देहाची कड शोधू देत नाहीत. परंतु हेच कापड गुरुग्रामच्या एखाद्या इमारतीच्या फाटकाशी किंवा नोएडाच्या बाजारपेठेत उभे राहिले म्हणजे त्याचा धर्म उलटतो; तेथे ते कोणालाही लपवीत नाही, उलट अंगात घालणाऱ्या इसमास राज्यसत्तेचे बळ आहे अशी द्वाही फिरविते. दंगल आवरण्यासाठी १९९२ साली उभारलेल्या शीघ्र कृती दलाचा निळ्या छटांचा पोशाख या दृष्टीने बोलका आहे. शहराच्या रस्त्यावर तो दडण्यासाठी नसून ओळखू येण्यासाठी आहे.

ही ओळख ज्याच्या त्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, ते इराकने रक्त सांडून अनुभवले. २००३ नंतर बगदादच्या बाजारात पोलिसी व लष्करी गणवेश सहज विकत मिळू लागले आणि मारेकऱ्यांच्या टोळ्या तेच अंगावर चढवून नागरिकांना घरांतून उचलून नेऊ लागल्या. अखेर २००६ साली तेथील राष्ट्रीय पोलीस दलाला, सहजी नक्कल होऊ नये या हेतूने, निळसर चौकटींचा नवा गणवेश देणे सरकारला भाग पडले. आपल्याकडे तो प्रसंग नाही. तथापि फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्ली दंगलीत होरपळत असता लष्करासारखा पोशाख केलेले सुरक्षा कर्मचारी दिसल्यावरून लष्कर उतरल्याचा समज पसरला, आणि आपण तैनात नाही असा खुलासा लष्कराच्या गोटातून करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

कायदा याबाबतीत मुका नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमान्वये सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने तसा वेश करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या अधिनियमाचे २१वे कलम त्याहून कठोर असून त्यात रक्षकाबरोबर संस्थेचा मालकही एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र ठरतो. आणि लष्करी वा पोलिसी गणवेशासारखा केवळ ‘दिसणारा’ पोशाखही त्या कलमाच्या कक्षेत येतो. कापड बनविणारा व विकणारा मात्र २००० च्या डिझाइन अधिनियमाने जबाबदार ठरतो. त्यान्वये पहिली दहा वर्षे व पुढे वाढवून मिळणारी पाच वर्षे ही नक्षी लष्कराची मिळकत असून, उघड वा कपटाची नक्कल करणाऱ्याविरुद्ध मनाई व नुकसानभरपाई मागता येते. रंगाची एखादी छटा बदलली की आपण सुटलो, ही बाजारातली समजूत म्हणूनच भाबडी होय.

यावर आमचे व्यावसायिक बंधू विचारतील, की गिऱ्हाईक मागते ते न दिल्यास पोट कशावर भरावे? प्रश्न खरा आहे. फाटकावरचा रक्षक शिपायासारखा दिसावा हा हट्ट बहुधा इमारतीच्या मालकांचा असतो, आणि छावणीतील गोपीनाथ बाजारासारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या प्रामाणिकपणे शिवणकाम करणाऱ्यांना त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. लष्करी पोलीस व दिल्ली पोलीस यांनी तेथे संयुक्तपणे जागृतीची मोहीम काढली, निफ्टच्या शिक्षकांनी शिंप्यांना या गणवेशाचे प्रशिक्षण दिले, हा मार्ग धाकदपटशापेक्षा निश्चितच श्रेयस्कर होय. पण सरकारी मोहीम संपते. दुकान रोज उघडते. टाकसाळीबाहेर पाडलेले नाणे सराफाने पारखून परत करावे, तशी ही पारख अखेर आपल्यालाच करावी लागेल.

सबब आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे, की लढाऊ गणवेशाचे काम घेताना ओळखपत्र पाहून त्याची नोंद वहीत करावी. उरलेले तुकडे भंगारात न विकता नष्ट करावेत. आणि रक्षकांच्या पोशाखाची मागणी आल्यास चट्ट्यापट्ट्यांचे कापड नाकारून एकरंगी, संस्थेचे नाव ठळक असलेला नमुना पुढे ठेवावा. दोन मागण्या बुडतील. पण ज्याच्या अंगावर गणवेश आहे तो खरोखरच त्या दलाचा आहे, असा भरवसा नागरिकांना देणे हेच आपल्या व्यवसायाचे पहिले काम आहे.