दहांचा नायक

परीक्षा संपल्या की आपल्या गावांतील नाक्यांवर फलक झळकू लागतात. 'नेतृत्वगुण विकास शिबिर', 'व्यक्तिमत्त्व विकास वर्ग', 'सभाधीटपणा शिका सात दिवसांत'. शुल्क भरपूर असते, तरीही आईवडील ते आनंदाने भरतात. अखेरच्या दिवशी समारंभ होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. मूल घरी येऊन आरशासमोर उभे राहते आणि बोलताना हात कसे हलवावेत, श्रोत्यांच्या नजरेला नजर कशी द्यावी हे करून दाखवते. घरातले कौतुकाने टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवसापासून त्याच मुलाचे दप्तर आई भरते, सहलीला जायचे की नाही हे वडील ठरवतात आणि दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची हे मामा, काका आणि शेजारी मिळून ठरवतात. सात दिवसांचा नेता आठव्या दिवशी पुन्हा तान्हे बाळ होतो.

या वर्गांवर माझा राग नाही. चार माणसांत बोलता येणे ही चांगलीच गोष्ट आहे. माझी तक्रार आपल्याविरुद्ध आहे, आईवडिलांविरुद्ध, शिक्षकांविरुद्ध आणि आम्हा धर्मगुरूंविरुद्धही. मुलांमध्ये नेतृत्व यावे असे आपण उच्चरवाने म्हणतो. परंतु आपल्याला हवी असते ती शोभेची बाहुली, जी माईकसमोर नीट बोलेल आणि माईक बंद झाल्यावर निमूटपणे सांगितले ते ऐकेल.

नेतृत्व म्हणजे तरी काय? एखादे काम अंगावर घेणे, त्या कामापुरते निर्णय घेणे आणि झालेल्या बऱ्यावाईटाचा जाब चार लोकांना देणे. काम, अधिकार आणि जबाबदारी या तीन गोष्टी एकत्र आल्या की नेतृत्व जन्माला येते. यांपैकी एक जरी वगळली तरी मागे उरते ते नाटक. आपण मुलांना काम देतो, कधीकधी पुष्कळ देतो. अधिकार मात्र देत नाही. आणि अधिकार दिलेला नसल्यामुळे जाबही विचारता येत नाही.

आपल्या धर्मग्रामाकडेच पाहा. बालदिनाच्या मिस्साबलिदानात मुले वाचने करतात, विश्वासू जनांच्या प्रार्थना म्हणतात. त्या प्रार्थना कोणी लिहिलेल्या असतात? शिक्षिकेने. आपल्या आळीत कोण आजारी आहे, कोणाचे वडील दारूपायी घर विकायला निघाले आहेत, वर्गातला कोणता मुलगा एकटा पडला आहे, हे त्या दहा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. तरीही तो जगाच्या शांततेसाठी आणि राज्यकर्त्यांच्या सुबुद्धीसाठी घोकलेली प्रार्थना म्हणतो आणि जागेवर जाऊन बसतो. नाताळातील गोठ्यांची स्पर्धा घ्या. 'बालगट' अशी पाटी लागते, परंतु रात्री दोन वाजेपर्यंत बांबू तासत आणि दिव्यांच्या माळा जोडत बसलेले असतात ते बाप आणि काका. मुले चहा आणून देतात. बक्षीस मिळाले की फोटोसाठी मुलांना पुढे ढकलले जाते.

मुलींची कथा आणखी निराळी. वेदीसेवेसाठी मुलींना घेण्यास रोमने 1994 साली परवानगी दिली. वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदे पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली स्त्रियांना खुली केली. तरीही सणाच्या तयारीत रांगोळी, फुले आणि नाश्त्याच्या बशा मुलींकडे आणि घोषणा व सूत्रसंचालन मुलांकडे, ही वाटणी अजून पुष्कळ ठिकाणी सहज होते. मग मोठेपणी 'आपल्या बायका पुढे येत नाहीत' असे म्हणायला आपण मोकळे.

बायबल उघडून बसलो तर या बाबतीत आपली चांगलीच अडचण होते. निर्गमाच्या पुस्तकात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसलेला दिसतो. त्याचे सासरे इथ्रो हे पाहतात आणि त्याला बजावतात की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले जातात. मोठी प्रकरणे मोशेकडे, लहान प्रकरणे त्यांच्याकडे. आपण सारे हजारांच्या नायकाची स्वप्ने पाहतो; आपला मुलगा जिल्हाधिकारी व्हावा, मुलगी मोठ्या कंपनीची प्रमुख व्हावी असे आपल्याला वाटते. परंतु इथ्रोच्या त्या रचनेला आधार होता तो दहांच्या नायकाचा. दहाजणांची नावे, त्यांची दुखणी आणि त्यांची भांडणे ज्याला ठाऊक आहेत तो दहांचा नायक. मूल ज्या नेतृत्वाला पेलू शकते ते हेच. आणि मोशे स्वतः काही फर्डा वक्ता नव्हता. आपल्याला बोलता येत नाही अशी सबब त्याने प्रत्यक्ष देवापुढे मांडली होती. सभाधीटपणाच्या परीक्षेत तो नापास झाला असता.

दुसरी कथा बाळ शमुवेलाची. ती आपण प्रत्येक धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगतो. मात्र त्यातील वृद्ध एलीकडे आपले लक्ष जात नाही. रात्री हाक येते ती मुलाला. एली अनुभवी याजक होता. 'तू झोप, देवाशी काय बोलायचे ते मी पाहून घेतो' असे तो म्हणू शकला असता. त्याने मुलाला ऐकायचे कसे ते शिकवले आणि परत आपल्या जागी पाठवले. सकाळी त्या मुलाने आणलेला संदेश एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तरीही एलीने तो पूर्ण सांगायला लावला आणि मान तुकवून स्वीकारला. मुलाचे नेतृत्व घडवायचे तर वडीलधाऱ्यांना एवढी किंमत द्यावी लागते. आपल्या चुका मुलाच्या तोंडून ऐकण्याची आपली तयारी आहे काय?

हे प्राचीन काळी चालत असेल, आजच्या मुलांना काय जमणार, असे कोणी म्हणेल. तर 1856 साली ट्युरिन शहरातील डॉन बॉस्को यांच्या वसतिगृहात डॉमिनिक सावियो या चौदा वर्षांच्या मुलाने सोबत्यांना घेऊन एक मंडळ स्थापन केले. नवीन आलेल्या, बुजलेल्या आणि दांडगट मुलांना सांभाळून घेणे हे त्या मंडळाचे काम. मंडळाची नियमावली मुलांनी केली. डॉन बॉस्कोंनी ती तपासली, सल्ला दिला आणि काम मुलांच्या हाती राहू दिले. डॉमिनिक पुढच्याच वर्षी देवाघरी गेला. परंतु 1859 साली डॉन बॉस्कोंनी सलेशियन संस्थेचा पाया घातला तेव्हा त्यांच्यासोबत बसलेल्या तरुणांत त्या मंडळातील मुले अनेक होती. आज जगभर पसरलेल्या संस्थेची पहिली शाळा म्हणजे मुलांनी चालवलेले ते छोटे मंडळ.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी ओळखीचे. फ्रेडरिक ओझानाम 1833 साली पॅरिसमध्ये कायद्याचा अभ्यास करीत होता. वय वर्षे वीस. तुमची ख्रिस्तसभा आज गरिबांसाठी काय करते, असे त्याला टोचून विचारले गेले. वादविवादात जिंकण्यापेक्षा गरिबांच्या दारी जाणे बरे, असे ठरवून तो आणि त्याचे मित्र घराबाहेर पडले. एमॅन्युएल बेली या वयाने मोठ्या गृहस्थाने त्यांना आधार दिला, सिस्टर रोझाली रांदू यांनी गरिबांच्या वस्तीची वाट दाखवली. जिने चढले ते विद्यार्थी. अशा रीतीने संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. आपल्या अनेक धर्मग्रामांत ही संस्था आहे आणि उत्तम काम करते. परंतु तिच्या सभेला जाऊन पाहा. विशीतल्या पोरांनी सुरू केलेल्या या संस्थेत विशीतला एक तरी चेहरा दिसतो का? बहुतेक ठिकाणी निवृत्त मंडळीच ओझे वाहत असतात आणि 'तरुण येत नाहीत' म्हणून हळहळत असतात. तरुण आला तर त्याला खुर्च्या मांडायला सांगितले जाते. दोनदा खुर्च्या मांडून तो तिसऱ्यांदा येत नाही, यात त्याचा दोष किती?

हा प्रश्न केवळ ख्रिस्तसभेच्या चार भिंतींतला नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या पाण्यावर, वाड्यांवर आणि शेतीवर संकट आले तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा आपली गावे वगळावीत म्हणून गावोगावचे लोक रस्त्यावर उतरले. त्या लढ्यांत उभे ठाकलेल्यांचे केस आता पांढरे झाले आहेत. फादर दिब्रिटो 2024 साली आपल्याला सोडून गेले. आणि आपली हुशार मुले? ती परदेशाच्या वाटेवर आहेत किंवा लोकलच्या गर्दीत लटकत नोकरीला जात आहेत. त्यांना मी दोष देत नाही. परंतु उद्या बावखले बुजू लागली, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, तर दहा घरांत फिरून लोकांना गोळा करणारा कोण असेल? मतदानाचे वय 1989 साली एकवीसवरून अठरावर आले. अठराव्या वर्षी मत देणाऱ्या मुलाने सतराव्या वर्षापर्यंत एकाही सभेत मत मांडलेले नसेल, तर तो निवडणुकीत काय करणार? जो पैसे वाटेल त्याच्या मागे जाणार, नाहीतर घरी बसणार.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला अभ्यासाचा. दहावी-बारावीच्या वर्षी मुलांना यात गुंतवू नका, असे पालक म्हणतात. मान्य. परंतु आपल्याकडे 'दहावीचे वर्ष' आठवीतच सुरू होते आणि पदवीपर्यंत संपत नाही. महिन्यातून दोन तास दुसऱ्यासाठी काढल्याने मूल मागे पडत नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. अधिकार दिला तर मुले उद्धट होतील. याचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानात आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात राहिला, पंडितांना प्रश्न विचारीत बसला आणि मग आईवडिलांसोबत नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न विचारणे आणि आज्ञेत राहणे या दोन गोष्टी एकाच मुलात नांदू शकतात. उद्धट होते ते मूल, ज्याला मान मिळतो पण हिशेब द्यावा लागत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, तो सुरक्षिततेचा. मुलांवरील अत्याचाराच्या घटनांनी ख्रिस्तसभेची मान जगभर खाली गेली आहे, आणि आपल्या देशात 2012 पासून पॉक्सो कायदा आहे. म्हणून मुलांच्या प्रत्येक कार्यक्रमात किमान दोन जबाबदार प्रौढ हजर असावेत, बैठक उघड्या जागी व्हावी, पालकांना वेळ आणि जागा माहीत असावी. यात तडजोड नको. परंतु लक्ष ठेवणे वेगळे आणि काम हिसकावून घेणे वेगळे. खरे तर जे मूल 'हे मला पटत नाही' असे मोठ्या माणसाला सांगायला शिकले आहे, ते अधिक सुरक्षित असते. निमूटपणे मान डोलावणाऱ्या मुलाचाच गैरफायदा घेणे सोपे जाते.

मग करायचे काय? बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांना तीन पायऱ्यांची पद्धत दिली: पाहा, पारखा, कृती करा. पोप तेविसावे जॉन यांनी 1961 सालच्या आपल्या परिपत्रकात तिची शिफारस केली आणि तरुणांनी ती प्रत्यक्षात आणावी असे आवर्जून सांगितले. तमिळनाडूत कन्याकुमारीच्या बाजूला फादर एडविन जॉन यांच्या प्रेरणेने साधारण तीस-तीस घरांच्या वस्त्यांतून मुलांच्या संसदा उभ्या राहिल्या. तेथील मुले आपल्यातूनच मंत्री निवडतात आणि वस्तीच्या प्रश्नांवर बैठका घेतात. आपल्याकडे छोटे ख्रिस्ती समूह आहेत, आळ्या आहेत. प्रत्येक आळीत दहा मुलांचा एक गट सहज होईल. त्या गटाने महिन्यातून एकदा बसावे. आळीत काय दिसले ते सांगावे, शुभवर्तमानाच्या प्रकाशात ते पारखावे आणि एकच लहानसे काम ठरवावे. अंथरुणाला खिळलेल्या आजीला आठवड्यातून दोनदा वर्तमानपत्र वाचून दाखवणे, मागे पडलेल्या मुलाला गणित शिकवणे, बावखलाच्या काठचे प्लास्टिक गोळा करणे. नायक दर तीन महिन्यांनी बदलावा, म्हणजे अबोल मुलाची आणि मुलीचीही पाळी येईल.

या गटाच्या हाती थोडे पैसे द्यावेत आणि जमाखर्चाची वही द्यावी. समजा, गोठ्यासाठी दोन हजार रुपये दिले आणि मुलांनी दीड हजार दिव्यांवरच उडवले. उडवू द्यावेत. गवताला पैसे उरले नाहीत तर ती शेतातून गवत आणतील किंवा गोठा उघडा राहील. आपण मध्ये पडून पाचशे रुपये टाकायचे नाहीत. नाताळनंतरच्या रविवारी नायकाने आळीसमोर उभे राहून हिशेब वाचावा आणि कुठे चुकले ते सांगावे. ते पाच मिनिटांचे बोलणे सात दिवसांच्या शिबिरापेक्षा अधिक शिकवील. वर्षातून एकदा या गटांच्या नायकांना पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत बोलावावे, त्यांचे ऐकावे आणि त्यांच्या सूचनांचे काय झाले हे पुढच्या बैठकीत त्यांना सांगावे. ऐकून विसरायचे असेल तर बोलावूच नये. मुले असला अपमान लवकर ओळखतात.

शेवटी एक गोष्ट. आपण मुलांना कोणासारखे नायक करणार आहोत, हेही ठरवले पाहिजे. परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे असू नये, असे प्रभूने शिष्यांना बजावले आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून त्यांचे पाय धुतले. पवित्र गुरुवारी आपण हा विधी दरवर्षी करतो. इतरांच्या पुढे कसे जावे हे शिकवणारे वर्ग बाजारात पुष्कळ आहेत. इतरांच्या पायाशी वाकून त्यांना उभे कसे करावे, हे शिकवणारी शाळा ख्रिस्तसभेशिवाय कोण चालवणार? आपल्या घरापासून सुरुवात करा. या आठवड्यात आपल्या मुलाला एक खरे काम द्या, त्यातला निर्णय त्याच्यावर सोपवा आणि तो चुकत असताना हात पाठीमागे बांधून शांत उभे राहा. हे सर्वांत कठीण आहे, हे मी जाणतो. परंतु दहांचे नायक घडले नाहीत, तर उद्या हजारांच्या या समाजाला मेंढपाळ शोधावा लागेल, आणि तो आपल्यातला असेलच असे नाही.