गुहेचा नकाशा आणि आज्ञेची भाषा

व्हिडिओ खेळांविषयी शिकलेल्या समाजाचे मत सहसा अनुकूल नसते. जळगाव-धुळ्याकडील शाळांच्या शिक्षकखोल्यांत किंवा कचेऱ्यांतील मधल्या सुट्टीत हा विषय निघाला, की मुलांचे डोळे, झोप आणि अभ्यास यांची नासाडी हाच सूर लागतो. तो सूर निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या खेळापासून संगणकावरील साहसखेळांची सारी परंपरा सुरू झाली, त्याच्या जन्माची हकीकत पाहिली म्हणजे या वादाला निराळे वळण लागते. त्या खेळात चित्रे नव्हती, आवाज नव्हता, गोळीबार तर नव्हताच. होते ते केवळ शब्द. खेळणाऱ्याने ते वाचायचे, मनात जागा उभी करायची आणि उत्तरादाखल एकदोन शब्दांची आज्ञा टंकायची, एवढाच त्याचा व्यवहार. या खेळाचे नाव ‘कलॉसल केव्ह अॅडव्हेंचर’. त्याला आता अर्धशतक होत आले असून, खानदेशातील शिक्षक व विद्यार्थी यांनी त्याकडे लक्ष द्यावे अशी सबळ कारणे आहेत.

खेळाचा कर्ता विल क्राउदर हा अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यातल्या एका तांत्रिक संस्थेत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा अभियंता होता. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेले ‘अर्पानेट’ हे जाळे १९६९ मध्ये उभे राहिले. त्याच्या मुळाशी असलेल्या यंत्रांची आज्ञावली लिहिणाऱ्या लहानशा गटात तो होता. त्याचा दुसरा छंद गुहा धुंडाळण्याचा. केंटकी राज्यातील ‘मॅमथ केव्ह’ या प्रचंड गुहासमूहात तो व त्याची पत्नी पॅट्रिशिया वर्षानुवर्षे उतरत असत. फीत आणि होकायंत्र घेऊन मोजमापे घेत आणि ते आकडे संगणकात भरून त्यांवरून नकाशे काढीत. सप्टेंबर १९७२ मध्ये फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहांना जोडणारा भुयारी मार्ग ज्या तुकडीने शोधला, तिच्यात पॅट्रिशिया होती. या शोधामुळे तो समूह जगातील सर्वांत लांब गुहा ठरला. आज त्याची मोजलेली लांबी ४०० मैलांहून अधिक आहे.

पुढे हे दांपत्य विभक्त झाले. मुलींशी असलेले नाते सैल पडू नये, त्या भेटीला आल्या म्हणजे त्यांना खेळण्यास काही असावे आणि आपल्याला दुरावलेल्या गुहेतही पुन्हा एकदा हिंडता यावे, या हेतूंनी क्राउदरने १९७५-७६ च्या सुमारास हा खेळ लिहिला. १९७४ मध्ये निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळाची गोडी त्याला होतीच. फोरट्रान भाषेतील सुमारे ७०० ओळींची आज्ञावली आणि १९३ शब्दांचा कोश एवढ्याच भांडवलावर त्याने गुहा उभी केली. त्यातील वाटा, उतार आणि दालने ही बव्हंशी खऱ्या गुहेतील होती. हा खेळ पुष्कळदा खेळलेली एक स्त्री प्रत्यक्ष गुहेत प्रथमच उतरली, तेव्हा तिला वाटा ओळखीच्या निघाल्या, असे गुहाशोधकांच्या वर्तुळात सांगितले जाते.

क्राउदरने खेळ विकला नाही. तो संगणकावर तसाच राहू दिला. जाळ्यातून फिरत फिरत तो स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉन वुड्स या विद्यार्थ्याच्या हाती आला. त्यात भर घालावी असे वुड्सला वाटले. कर्त्याचा पत्ता ठाऊक नव्हता. तेव्हा त्याने जाळ्यावरील प्रत्येक संगणकावर ‘क्राउदर’ या नावाने पत्र धाडले. क्राउदरने मूळ आज्ञावली देऊन टाकली आणि १९७७ मध्ये वुड्सची विस्तारित आवृत्ती निघाली. ठिकाणे सुमारे १४० झाली, खजिने वाढले आणि पूर्ण गुण ३५० ठरले. तीच आवृत्ती जगभर पसरली.

तिचा वंशविस्तार मोठा आहे. मॅसेच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील मंडळींनी १९७७ मध्ये तिच्या प्रेरणेने ‘झॉर्क’ रचला. रॉबर्टा विल्यम्स यांनी हा खेळ खेळून १९८० मध्ये ‘मिस्टरी हाऊस’ काढला आणि साहसखेळात प्रथमच चित्रे आली. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये सुरू झालेला ‘मड’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा खेळही याच कुळातला. अटारी कंपनीत वॉरन रॉबिनेट याने याच कल्पनेवरून दूरचित्रवाणी संचावर खेळण्याचा ‘अॅडव्हेंचर’ केला. कंपनी कर्त्यांची नावे छापीत नसे. म्हणून त्याने खेळातल्या एका गुप्त दालनात स्वतःचे नाव लपवून ठेवले. मुलांनी ते शोधून काढले आणि खेळात असे काही दडवून ठेवण्याची रीतच पडली.

या हकीकतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या खेळाचे बळ यंत्रात नव्हते. तसली यंत्रे त्या काळी अनेक प्रयोगशाळांत होती आणि क्राउदरहून कुशल आज्ञावलीकारही असतील. त्याच्यापाशी जे विशेष होते, ते म्हणजे एका भूभागाचे पायांनी आणि फितीने मिळवलेले ज्ञान, आणि ज्यांच्यासाठी लिहावे अशी आपली माणसे. ज्या मुलींसाठी त्याने खेळ लिहिला, त्यांना कळेल अशा साध्या बोलण्यातल्या शब्दांत यंत्राला आज्ञा देण्याची सोय त्याने केली. स्थळाचे ज्ञान आणि घरची भाषा या दोन गोष्टी यंत्राला जोडल्या गेल्या, तेव्हा नवा कलाप्रकार जन्मास आला.

या दोहोंपैकी कोणती गोष्ट खानदेशापाशी नाही? अजिंठ्याची ३० लेणी जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे असली, तरी त्यांच्याकडे जाणारा प्रवासी जळगाव स्थानकावरच उतरतो, आणि लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यातच येते. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीच्या रानात सीतान्हाणी व नागार्जुन कोठी ही लेणी आहेत, पलीकडे पितळखोरे आहे. धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला आहे. साहस म्हणजे खजिनाच हवा असेही नाही. पांझरेच्या बंधाऱ्यांवरील फड पद्धतीत कोणत्या फडाला पाणी केव्हा, पाटकऱ्याने दार कधी उघडावे, दुष्काळात कोणत्या फडाने थांबावे, हे सारे गावाने मिळून ठरवावयाचे असते. त्यात जी कोडी आहेत, ती कोणत्याही भुयारातील कोड्यांपेक्षा सोपी नाहीत, आणि सोडविणाऱ्याला आपल्या मुलखाविषयी अधिक काही शिकवून जातील.

कोड्यातून शिकविण्याची परंपराही या भूमीला परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. मोडलेला वेळू, बिळाकडे धावणारा साप आणि त्याच्यावर झेपावणारा मोर, भुंग्यांचा थवा अशा चित्रांतून त्यात गणित उभे राहते, आणि उदाहरणे एका मुलीला संबोधून घातलेली आहेत. ती आचार्यांची कन्या होती, ही कथा फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरापासून रूढ झाली. तिचे ऐतिहासिक मोल काहीही असो; मुलीसाठी रचलेले कोडे ही कल्पना लोकांना इतकी पटली की ती शतकानुशतके टिकली. भास्कराचार्यांचे जन्मस्थान कोणते हा वाद विद्वानांनी करावा. परंतु त्यांचा नातू चांगदेव याच्या हातून त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ निघाला तो पाटण येथे, हे तेथील शिलालेखाने निश्चित केले आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणलेल्या या लेखातील प्रशस्ती संस्कृतात आहे. पण १२०७ मध्ये मठाला दिलेल्या दानाचा, म्हणजे बाजारातील मालावर कोणी किती द्यावे याचा, तपशील त्या काळच्या मराठीत आहे. गौरव देवभाषेत झाला, तरी जी आज्ञा लोकांनी पाळावयाची ती लोकांच्याच भाषेत द्यावी लागते, एवढे शहाणपण त्या राज्यकर्त्यांना होते.

आजच्या संगणक शिक्षणात नेमके हेच शहाणपण हरवले आहे. यंत्राच्या भाषा इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या आहेत आणि नोकरीची वाट इंग्रजीतून जाते, हे खरे. इंग्रजी टाळा असे सांगणारा विद्यार्थ्यांचा हितकर्ता ठरणार नाही. परंतु यंत्राची भाषा शिकणे वेगळे आणि यंत्राला कोणाशी, कशाविषयी बोलावयास लावावे हे ठरविणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी इंग्रजीची सक्ती कोणीही केलेली नाही. तरीही अनेक विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून कुठल्याशा ग्रंथालयाची वा रुग्णालयाची तीच ती नोंदवही संगणकावर उतरवितात, आणि परीक्षा झाली की ती विसरली जाते.

याउलट मराठीतला एखादा शब्दखेळ रचायचा म्हटले, तर विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी खऱ्या प्रश्नांशी झुंजावे लागेल. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येते. मराठीत ‘दिवा घे’, ‘उत्तरेला जा’ असे ते शेवटी येते. क्राउदरच्या खेळात शब्दाची पहिली पाच अक्षरे तपासली की काम भागे. मराठीत ‘गुहा’ची ‘गुहेत’ होते, ‘दिवा’चा ‘दिव्याने’ होतो. शाळेत कंटाळवाणे वाटलेले सामान्यरूप आणि विभक्तिप्रत्यय येथे एकाएकी उपयोगी पडू लागतात. यंत्राने खेळणाऱ्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? ‘तू आत गेलास’ म्हणावे की ‘गेलीस’? भूतकाळ टाळून सारी कथा वर्तमानात सांगावी काय? हे प्रश्न मराठीच्या शिक्षकाचे जितके, तितकेच संगणकाच्या शिक्षकाचे आहेत. महाविद्यालयात या दोघांना एका टेबलावर बसविणारा दुसरा विषय सहसा सापडत नाही.

बोलींच्या दृष्टीनेही ही निकड आहे. ‘खानदेशी’ या सदराखाली, ज्यात अहिराणी मोडते, २००१ च्या जनगणनेत २० लाखांहून अधिक भाषकांची नोंद होती. २०११ मध्ये ती सुमारे साडेअठरा लाखांवर आली. लोकसंख्या वाढत असताना हा आकडा घटावा, याचा अर्थ लोक संपले असा नाही. बोली सांगावयास लोक कचरू लागले, असाही त्याचा अर्थ असू शकतो. ज्या बोलीत यंत्राशीही खेळता येते, ती सांगताना तरुणाला संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक मुद्दा जतनाचा. क्राउदरची मूळ आज्ञावली हरवली, असेच दीर्घकाळ मानले जात होते. डेनिस जर्झ या इंग्रजीच्या प्राध्यापकाने चिकाटीने पाठपुरावा केला; स्टॅनफर्डमधील वुड्सच्या जुन्या खात्याच्या राखीव प्रतीत ती सापडली, आणि प्रत्यक्ष गुहेशी ताडून पाहिलेला त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये एरिक रेमंड याने दोन्ही कर्त्यांच्या संमतीने खेळाची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. कागदासाठी गावोगाव हिंडणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांचे देहावसान ज्या धुळ्यात १९२६ मध्ये झाले आणि ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे आहे, त्या शहराला दप्तराचे महत्त्व निराळे सांगावयास नको. विद्यार्थ्यांचे प्रकल्प हेही उद्याचे दप्तरच आहे. ते रद्दीत जाऊ नये, पुढच्या तुकडीला खुले असावे, आणि वुड्सप्रमाणे तिने त्यात भर घालावी, अशी व्यवस्था करण्यास मोठा निधी लागत नाही, सवय लागते.

१९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि घरात त्यांना जे सुचले ते त्यांनी आपल्या बोलीत म्हटले, घरच्या मुलांनी ते टिपून ठेवले म्हणून ते वाचले आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने महाराष्ट्राला मिळाले. अशा बाईचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने आणि त्याच्या महाविद्यालयांनी संगणकाच्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावे: एक तरी प्रकल्प आपल्या मुलखाविषयी असू दे, आणि तो घरी आईला किंवा धाकट्या बहिणीला खेळता येईल अशा भाषेत असू दे. असे शंभर प्रकल्प झाले तर त्यांतील नव्वद सामान्य निघतील. उरलेल्या दहांसाठी ही परवानगी द्यावयास हवी. मुले खेळांत बुडाली म्हणून हळहळणाऱ्या शिक्षकांना खेळ बंद करता येणार नाहीत. पण खेळ रचणारा विद्यार्थी घडविणे मात्र त्यांच्या हाती आहे.