घरच्या फोनवर दिसणारा नंबर आणि आपलं सत्याणुव्रत



आपल्या माणमध्ये आयटी पार्कभोवतीच्या सोसायट्यांत अनेक घरी फोन आता इंटरनेटच्या तारेवरून चालतो. भिंतीवरच्या राउटरला किंवा छोट्या अडॅप्टरला साधा फोन जोडला की झालं. त्याची सेटिंग मात्र आपण मुलांवर नाहीतर लाइन टाकायला आलेल्या माणसावर सोपवतो. माझं म्हणणं असं, की ज्या घरात दुपारी फक्त सासूबाई आणि आपण असतो, तिथे ही सेटिंग आपल्याला यायलाच हवी. स्वयंपाकघरातला गॅसचा रेग्युलेटर आपण दुसऱ्यावर सोडतो का?

आधी नंबर लावायचं बघू. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. गावातल्या गावात पुण्याचा आठ आकडी नंबर तसाच लागतो. मुंबईला ०२२, चाकणला ०२१३५. शून्य धरून मोबाइल असो की परगाव, सगळे अकरा आकडे होतात. परदेशासाठी ००. अडॅप्टरमध्ये ‘डायल प्लॅन’ म्हणून एक ओळ असते, तिच्यात हेच नियम लिहिलेले असतात. ते नीट नसतील तर आकडे दाबून झाल्यावरही यंत्र पुढच्या आकड्याची वाट बघत बसतं आणि आजी म्हणतात, “फोन बिघडला.” बऱ्याच अडॅप्टरवर शेवटी # दाबलं की फोन लगेच जातो. ११२ हा तीन आकडी नंबर त्या ओळीत आहे ना, एवढं तरी विचारून घ्या. कंपनीने सेटिंग कुलूपबंद ठेवली असेल तर त्यांच्याकडूनच करून घ्या. आणि अडॅप्टर इन्व्हर्टरवर घ्या. जुन्या तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून यायची, या यंत्राला घरचीच लागते.

दुसरं म्हणजे येणाऱ्याचा नंबर दिसणं. ही खूण फोनपर्यंत वेगवेगळ्या पद्धतींनी जाते. एफएसके आणि डीटीएमएफ या त्यांतल्या मुख्य दोन. अडॅप्टर एका पद्धतीने पाठवतो आणि फोनला दुसरी कळते, असं झालं की पडदा कोराच राहतो. फोन बदलण्याआधी ही सेटिंग बदलून बघा.

पण नंबर दिसला म्हणजे माणूस ओळखला, असं मात्र नाही. इंटरनेटवरच्या फोनमध्ये तो नंबर पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहून येतो आणि वाटेत कुणी तपासला नाही तर खोटाही लिहिता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे खोटे कॉल अडवणारी व्यवस्था सुरू केली. पहिल्या २४ तासांतच असे सुमारे १.३५ कोटी कॉल सापडले! ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणारे अशाच ओळखी पांघरून येतात. कायद्यात असली अटक नाहीच.

आपल्या सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया सांगितली आहे, म्हणजे खोटा लेख करणं. दुसऱ्याचा नंबर लिहून फोन करणं हे मला त्याचंच आजचं रूप वाटतं. तोंडाने खोटं बोलायच्या आधीच पडद्यावर खोटं उमटलेलं असतं.

काही मैत्रिणी म्हणतील, मग आपण नंबर लपवला तर तेही खोटंच का? मला तसं वाटत नाही. न सांगणं वेगळं आणि दुसऱ्याचं नाव सांगणं वेगळं. तरी नात्यातल्या वृद्धांना, पाठशाळेतल्या पालकांना फोन करताना आपला नंबर दिसू द्यावा. समोरच्या बाईला फोन उचलावा की नाही, हे त्यावरूनच ठरवायचं असतं. अडॅप्टरमध्ये नावाची जागा असेल तर तिथेही आपलंच नाव असावं. गंमत म्हणूनही ‘पोलीस’ किंवा ‘बँक’ लिहायचं नाही. मुलं असल्या गमती करतात, त्यांना तिथेच थांबवायचं.

घरात एक नियम सगळ्यांना पाठ असू द्या: फोनवर कुणीही पैसे, ओटीपी मागितला, धमकावलं, तर बोलणं तोडायचं आणि आपल्याकडे लिहून ठेवलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३०. हा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवा.

समोरून येणारं खोटं आपण पूर्ण थांबवू शकत नाही. पण त्याने घाबरायचं नाही, आणि आपल्या घरातून बाहेर जाणारा नंबर खरा ठेवायचा, एवढं तर आपल्या हातात आहे. या रविवारी सासूबाईंना शेजारी बसवून तिन्ही प्रकारचे नंबर लावून बघा: गावातला, मोबाइल आणि परगावचा.